दुसरी चावी

कुलूप बसवलं याचं कुणाला फारसं काही वाटलं नसतं. ते कुठून आणलं, यावरून घर पेटलं.

"आपल्या घरात," अब्बा म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांना सुचेना. खाली कारखाना, रस्त्याच्या अंगाला दुकान, वर राहायच्या खोल्या, आणि आजोबांपासून या घराण्याचा धंदा एकच, कुलपं. अशा घरातल्या सुनेनं बाजारात जाऊन दुसऱ्याच्या कारखान्याचं कुलूप विकत आणावं, वर सुतार बोलावून भर दुपारी ते आपल्या खोलीच्या दारात बसवून घ्यावं! सुतार जिना चढून गेला तेव्हा कुणी त्याला हटकलंही नाही. फूफीनं, अब्बांच्या विधवा बहिणीनं, तर त्याला चहा करून दिला. सगळं उघडकीला आलं तेव्हा फूफीला कुलपापेक्षा त्या चहाचं जास्त लागलं.

सुनेच्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती, पण घरात तिला अजून 'नवी'च म्हणत. ती औषधांच्या दुकानात सकाळपाळीला कामाला जाई, दुपारी येऊन जेवे आणि घटकाभर झोपे. बोलणं बेताचं, काम चोख. अम्मीला म्हणजे तिच्या सासूला तिच्यात खोट काढायला एरवी जागाच सापडत नसे, आणि सासूला हा त्रास केवढा मोठा असतो ते सासवांनाच विचारावं.

या घराची एक पद्धत होती. घरात जे कुलूप लागेल, मग ते कपाटाचं असो, ट्रंकेचं असो की खोलीच्या दाराचं, ते आपल्याच कारखान्याचं असायचं आणि त्याची दुसरी चावी खाली वर्कशॉपमधल्या फळीवर टांगलेली असायची. चावी हरवली, कुणी आत अडकलं, तर घाईच्या वेळी हाताशी असावी म्हणून. पद्धत चांगली होती. आजवर कुणी तिच्याबद्दल तक्रार केली नव्हती, निदान मोठ्यानं तरी केली नव्हती.

अब्बांनी मोठ्या मनानं तोडगा काढून पाहिला होता. "मी माझ्या हातानं तुला कुलूप करून देतो. सहा लिव्हरचं. बाजारात असलं मिळायचं नाही." यावर नवीनं विचारलं, "दुसरी चावी माझ्याकडे राहील?" अब्बा म्हणाले, "ती फळीवर राहते." नवी म्हणाली, "मग नको." सासऱ्याला तोंडावर 'नको' म्हणणारी सून या घरानं पहिल्यांदाच पाहिली.

तेव्हा शुक्रवारी दुपारची नमाज झाल्यावर चाचा इमामसाहेबांनाच घेऊन घरी आले.

चाचा म्हणजे अब्बांचे धाकटे भाऊ, अम्मीचा दीर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुकान तेच सांभाळत. आवाज मऊ, बोलणं लाघवी, कपड्यांना कायम इस्त्री. वस्तीत कुणाची चावी हरवली की चाचांना बोलावणं जाई. ते वाकवलेली तार घेऊन जात, बंद दार उघडून देत आणि पैसे घेत नसत. त्यामुळे चाचांबद्दल वाईट बोलणारं माणूस शोधून सापडलं नसतं. इमामसाहेब बायकांच्या बाबतीत कडक आहेत, अशी ख्याती होती. चाचांनी तेच हेरलं असणार.

बैठकीत अब्बा आणि इमामसाहेब कोचावर बसले. चाचा खुर्चीत, धाकटा बापाच्या पायाशी सतरंजीवर. धाकटा म्हणजे नवीचा नवरा, वय तिशीचं, पण अब्बा खोलीत असले की आवाज सतरा वर्षांच्या मुलाचा. फूफी भिंतीला टेकून बसली. अम्मी दाराशी उभी राहिली. नवी वर तिच्या खोलीत होती, कुलूप लावून.

चाचांनी सगळी हकिगत सांगितली. घर एकत्र, माणसं साधी, मुलगी शिकलेली, कुणाचं ऐकत नाही, परक्याचं कुलूप आणून घराण्याचं नाक कापलं. सांगताना त्यांनी नवीबद्दल एकही वाईट शब्द वापरला नाही. "पोर आहे, चुकते," असंच म्हणाले.

इमामसाहेबांनी ऐकून घेतलं. मग धाकट्याकडे वळून विचारलं, "खोली कुणाची?"

"आमचीच आहे. म्हणजे अब्बांची."

"बायको कुणाची?"

धाकटा गोंधळला. "माझी."

"मग ऐका," इमामसाहेब म्हणाले. "नवऱ्यानं बायकोला राहायला जागा द्यायची, हा तिचा हक्क आहे. उपकार नव्हे. मोठं घर देण्याची ऐपत नसेल तर निदान एक खोली, जिचं दार तिच्या ताब्यात असेल आणि दाराला कुलूप असेल. आत कुणी यायचं ते ती ठरवणार. नवऱ्याच्या घरच्यांनी तिला न विचारता आत पाऊल टाकायचं नाही."

फूफीनं विचारलं, "सासूनंसुद्धा?"

"सासूनंसुद्धा."

"मग सासू व्हायचं तरी कशाला?" फूफी म्हणाली. इतर वेळी सगळे हसले असते.

"आणि नवऱ्याकडच्या पुरुषांबाबत तर, दीर असो, चुलत सासरा असो, फार कडक ताकीद आहे," इमामसाहेब पुढे म्हणाले. "लोक बाहेरच्या पुरुषाला भितात आणि घरातला आपला समजून दार उघडं टाकतात. धोका तिथंच जास्त."

अम्मीनं दाराची चौकट धरली. या घरात आल्यापासून तिनं किती प्रवचनं ऐकली होती, पडद्याआडून, गच्चीवरून, लाउडस्पीकरवरून. बायकांनी कसं बसावं, कसं चालावं, आवाज किती ठेवावा, हे तिला तोंडपाठ होतं. हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल तेव्हा तिला स्वयंपाकघरात पाठवलं असेल.

चाचांनी बोलावलेला माणूस चाचांच्याच विरुद्ध बोलला होता. दुसरा कुणी असता तर चिडला असता. चाचा हसले.

"अगदी बरोबर," ते म्हणाले. "हक्क आहे, कोण नाही म्हणतंय? पण इमामसाहेब, हक्क आपखुशीनं सोडताही येतो ना?"

"येतो," इमामसाहेबांनी नाइलाजानं म्हटलं. "आपखुशीनं असेल तर."

"तेच म्हणतोय मी. आमच्या घरच्या बायका मनानं मोठ्या. भाभींनी निकाहात ठरलेली मेहरची रक्कम सोडली, एका शब्दानं मागितली नाही. या माझ्या बहिणीनं बापाच्या मिळकतीतला हिस्सा सोडला. म्हणून हे घर उभं आहे."

"मी सोडला नाही," फूफी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"सोडला नाही म्हणते मी. मागितला नाही. मला कुणी विचारलंच नाही."

"एकच की ते," अब्बा म्हणाले.

"एक नाही," इमामसाहेब म्हणाले. "मागितला नाही म्हणजे सोडला, असं होत नाही. हिस्सा तिचाच राहतो."

फूफीनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या जिभेला आजवर घरात कुणी आवर घालू शकलं नव्हतं, ते काम या एका वाक्यानं केलं. ती भावांकडे आळीपाळीनं बघत राहिली, हिशोब करावा तशी.

चाचांनी विषय चटकन आपल्या हातात घेतला. "ते आपण नंतर बघू. आधी पोरीचं मिटवू. भाभी, तुम्ही वर जा. तुमचं ऐकेल ती. म्हणावं, घराच्या शांततेसाठी चावी आणून दे, मनापासून दे. इमामसाहेबांसमोरच होऊन जाऊ दे."

अब्बांनी मान डोलावली. धाकट्यानं आईकडे केविलवाणं पाहिलं. अम्मी निघाली. घरातल्या सुनांना समजावण्याचं काम तिच्याकडेच असे आणि ते तिला जमतही असे. थोरल्या सुनेचंच काय ते जमलं नव्हतं. ती वर्षभरातच नवऱ्याला घेऊन दुसऱ्या शहरात निघून गेली, आणि घर फोडलं म्हणून अम्मीनं तिचा फोनसुद्धा घेणं सोडलं होतं.

जिना चढून ती नवीच्या दारापाशी आली. हे कुलूप तिनं जवळून पाहिलं नव्हतं. पितळी पट्टी नवीकोरी, चकचकीत. काम बरं होतं, अब्बा म्हणत होते तितकं वाईट नव्हतं. हाक मारायला म्हणून ती वाकली, आणि तिला चावीच्या भोकाभोवतीचे ओरखडे दिसले.

बारीक होते, पण ताजे. चावी लावताना हात चुकला तर एखादी रेघ उठते. हे भोकाच्या खालच्या अंगाला होते, एकावर एक, आत वळलेले. कुलपं करणाऱ्यांच्या घरात जन्म काढलेल्या बाईला ते कशाचे, हे सांगावं लागत नाही. तारेचे होते. कुणीतरी उघडायचा प्रयत्न केला होता, बराच वेळ, आणि त्याला ते उघडलं नव्हतं. या घरात तार चालवता येणारे दोघेच होते, आणि अब्बांच्या हाताला गेली दोन वर्षं कंप होता.

अम्मी पायरीवर बसली.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी आहे."

"एकट्याच आहात?"

"एकटीच."

दार उघडलं नाही. "चावी मागायला पाठवलंय ना तुम्हाला?"

"हो."

"अम्मी, तुमच्यावर माझा राग नाही. पण मी चावी देणार नाही."

अम्मीनं दाराला तोंड लावून हळू विचारलं, "हे ओरखडे कधीचे?"

नवी दाराजवळ येऊन बसल्याचा आवाज आला. "मंगळवारचे. दुपारचे. मी आतच होते. खुडखुड ऐकत बसले होते."

"धाकट्याला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, चाचा पंखा बघायला आले असतील. त्याच्या आधीही पंखा बघायलाच आले होते. आधीचं कुलूप होतं तेव्हा, फळीवरची चावी घेऊन. मी झोपले होते. जाग आली तर पलंगाच्या कडेला बसलेले, माझ्या पायांवर हात ठेवून. पंखा चालू होता, अम्मी."

अम्मीनं डोळे मिटले.

लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिची स्वतःची खोली गच्चीच्या वाटेवर होती. तयार मालाच्या पेट्या गच्चीवरच्या खोलीत ठेवत आणि तिकडे जायला दुसरा रस्ता नव्हता, म्हणून तिच्या दाराला कडी नव्हती. अब्बा माल घेऊन गावोगाव जात. दीर तेव्हा विशीतला होता. पेट्या मोजायला यायचा. पहिल्यांदा तिला वाटलं, अंधारात धक्का लागला. दुसऱ्यांदा तसं वाटायला जागा उरली नाही. ओरडली असती तर खाली सासू होती, नणंद होती, कारागीर होते, आणि त्या सगळ्यांनी आधी तिच्याकडेच बघितलं असतं. तिनं ओठ चावून ते दिवस काढले. दिराचं लग्न झालं तेव्हा ते थांबलं.

एकदा मात्र ती अब्बांशी बोलली होती. ते कानस घेऊन चावी घासत बसले होते. ती म्हणाली, "माझ्या दाराला आतून कडी लावून द्या." त्यांनी वर न बघता विचारलं, "का?" ती म्हणाली, "भीती वाटते." ते म्हणाले, "बघतो." कडी काही लागली नाही. तिनं कुणाची भीती ते सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांना कळलं नाही, अशी तिनं मनाची समजूत घातली. सांगितलं असतं तर हा माणूस उभा राहिला असता, भावाला घराबाहेर काढलं असतं. चूक आपली, आपण सांगितलं नाही. या एका विश्वासावर तिनं त्यांची भाकरी रांधली, मुलं वाढवली, म्हातारपणी त्यांच्या हातांना तेल चोळलं.

"अम्मी, आहात ना?"

"आहे."

"चावी दिली तर मी इथं राहत नाही. बॅग भरलेली आहे. तुमचा मुलगा आला तर येईल, नाही तर एकटी जाईन. थोरल्या भाभींनी का घर सोडलं ते त्यांनी मला सांगितलं. तुम्हाला नाही का सांगितलं?"

"मी तिचा फोन घेत नव्हते," अम्मी म्हणाली.

इतकं मोठ्यानं रडावंसं तिला कधी वाटलं नव्हतं, पण खाली माणसं बसली होती. पदरानं तोंड पुसून ती उठली. थोरली हमसून रडत होती ती दुपार तिला आठवली. तेव्हा तिनं तिला, सासरी सगळ्यांनाच जड जातं, होईल सवय, असं सांगितलं होतं. आपण समजावण्यात हुशार, याचा तिला केवढा अभिमान होता.

ती खाली आली तेव्हा चहा झाला होता. इमामसाहेबांनी घेतला नव्हता.

"आणली?" चाचांनी विचारलं.

"नाही."

"नीट समजावलं नाहीत वाटतं, भाभी."

"तीच मला समजावत होती," अम्मी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "चावी मिळायची नाही. आणि माझ्या खोलीलाही तसलंच कुलूप हवंय. बाजारातलं. धाकट्या, उद्या जाऊन आण."

फूफी हसली. घरात काहीतरी ओळखीचं घडतंय याचाच तिला दिलासा वाटला असावा. "या वयात? अगं भाभी, तुझ्या खोलीत आता कोण येतंय?"

"आता कुणी येत नाही," अम्मी म्हणाली, आणि चाचांकडे बघत राहिली.

'आता' हा शब्द तिनं काही मुद्दाम दाबून उच्चारला नव्हता. पण खोलीत तो प्रत्येकाला ऐकू गेला. फूफीचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि हळूहळू उतरलं. तिला बहुतेक त्या जुन्या दिवसांतलं काहीतरी आठवत होतं. तेव्हा काणाडोळा केलेलं.

"भाभींची तब्येत बरी दिसत नाही," चाचा मऊ आवाजात म्हणाले. "वर उकडतं फार. धाकट्या, पाणी दे आईला."

धाकटा पाणी आणायला हलला नाही. "अम्मी, म्हणजे काय?"

"माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं," अम्मी म्हणाली. "गच्चीची वाट माझ्या खोलीतून होती. अजून काय सांगू, पोटच्या पोराला? तुझ्या बायकोच्या दारावर जाऊन बघ. तारेचे ओरखडे आहेत. तुम्हा लोकांना माझ्यापेक्षा जास्त कळतं त्यातलं."

धाकटा उठला.

"बस खाली," अब्बा म्हणाले.

तो बसला. अम्मीनं नजर नवऱ्याकडे वळवली. आता ते बोलणार होते. आता त्यांना कळलं होतं. ज्या वाक्याची तिनं आयुष्यभर वाट पाहिली, ते आता येणार होतं, सगळ्यांसमोर, इमामसाहेबांच्या साक्षीनं. इमामसाहेब मान खाली घालून बसले होते, पण उठून गेले नव्हते. चाचासुद्धा भावाकडेच बघत होते आणि त्यांच्या इस्त्रीच्या कॉलरवर घाम आला होता.

अब्बांनी कंप सुटलेले हात एकमेकांत धरले. ते कुणाकडेच बघत नव्हते. चेहऱ्यावर ना राग होता, ना आश्चर्य. खूप दमलेला माणूस बोलतो तसे ते बोलले.

"इतकी वर्षं गप्प राहिलीस," ते म्हणाले. "मग आजच काय झालं?"

अम्मीला ते वाक्य आधी नुसतं ऐकू आलं. मग कळलं. फूफीला तिच्या आधी कळलं असावं, कारण तिनं 'या अल्ला' म्हणून तोंडावर हात घेतला.

"मी गप्प होते," अम्मी म्हणाली. ती एकेक शब्द सावकाश, चाचपून बोलत होती. "मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. तुम्हालाही नाही. मग मी गप्प होते, हे तुम्हाला कसं माहीत?"

अब्बांनी समोरचा कप उचलला. तो बशीवर खडखडला आणि त्यांनी तो परत ठेवला. रस्त्यावरून कुणीतरी दुकानाचं शटर वाजवून चाचांच्या नावानं हाक मारत होतं, चावी हरवली होती म्हणे. कुणी ओ दिली नाही.

धाकटा बापाच्या पायाशी बसला होता. तो थोडा मागे सरकला. मग भिंतीला हात टेकून उभा राहिला, आईच्या बाजूला जाऊन थांबला, आणि जन्मात पहिल्यांदा बापाशी वरच्या आवाजात बोलला.

"अब्बा, अम्मी काहीतरी विचारतेय."